इंतेखाब मुलतवी : पाकिस्तानच्या सदरांची कहाणी

एखाद्या देशाच्या राष्ट्राध्यक्षाने ‘आता निवडणूक नाही’ असे जाहीर केले आणि तो खुर्चीवर बसून राहिला, तर त्याला उठवणार कोण? हा प्रश्न आजकाल मोठमोठ्या लोकशाही देशांतही विचारला जातो. वकील मंडळी घटनेचे कलम काढून दाखवतात आणि सांगतात, असे होऊच शकत नाही. पण कलम ही कागदावरची गोष्ट. कागदच फाडला तर पुढे काय होते, हे कलमात लिहिलेले नसते. त्यासाठी इतिहासाकडे जावे लागते, आणि तो शोधायला फार लांब जायची गरज नाही. आपल्या शेजारच्या देशात हा प्रयोग एकदा नव्हे, अनेकदा झाला आहे.

पाकिस्तानचे नाव काढले की आपल्या लोकांची एक अडचण होते. चौकात, कचेरीत, क्रिकेटच्या सामन्याच्या दिवशी त्या देशाचा हिशेब आपल्याकडे मागितला जातो. ज्या देशाशी आपला काडीचा संबंध नाही, त्याचे जामीनदार आपण! परिणाम असा झाला की आपण त्याविषयी बोलणे टाळतो आणि हळूहळू वाचणेही टाळतो. आम्हांला हे बरे वाटत नाही. शेजारच्या घराला आग कशी लागली हे समजून घेणे म्हणजे त्या घरात राहायला जाणे नव्हे. शिवाय या कहाणीत पुढे आपल्या दीनचे नाव येणार आहे. तेव्हा ती आपणच नीट वाचलेली बरी.

पाकिस्तान १९४७ साली झाला आणि त्याची पहिली राज्यघटना लागू व्हायला २३ मार्च १९५६ उजाडला. त्या दिवशी गव्हर्नर जनरल हे पद गेले आणि देशाला पहिला सदर, म्हणजे राष्ट्राध्यक्ष मिळाला : मेजर जनरल इस्कंदर मिर्झा. हे गृहस्थ बंगालच्या नवाब घराण्यातले. प्लासीच्या लढाईमुळे बदनाम झालेल्या मीर जाफरचे ते वंशज, ही गोष्ट त्यांचे विरोधक कधी विसरले नाहीत. आईकडून त्यांचे नाते मुंबईच्या तय्यबजी घराण्याशी होते. त्यांचे लहानपण मुंबईत गेले, एल्फिन्स्टन कॉलेजात ते काही काळ शिकले आणि तेथून इंग्लंडच्या सँडहर्स्ट लष्करी विद्यालयात गेले. पण फौजेत ते फार काळ रमले नाहीत. सरहद्द प्रांतात पोलिटिकल खात्यात त्यांची बरीच वर्षे गेली. अंगावर हुद्दा जनरलचा आणि वृत्ती मामलेदाराची, असे त्यांचे वर्णन केले तर ते चुकीचे होणार नाही. लोकांना राज्य चालवता येत नसते, ते त्यांच्यासाठी चालवावे लागते, अशी त्यांची पक्की समजूत होती. ‘नियंत्रित लोकशाही’ हा त्यांचा आवडता शब्द.

ही समजूत त्यांच्या एकट्याची नव्हती. १९५४ साली पूर्व बंगालमध्ये प्रांतिक निवडणूक झाली. ज्या मुस्लिम लीगने सात वर्षांपूर्वी देश मिळवला होता, तिला तेथे बोटांवर मोजण्याइतक्या जागा मिळाल्या. कराचीतल्या सत्ताधाऱ्यांच्या पायाखालची वाळू सरकली. लोकांनी निवडून दिलेले सरकार दोन महिन्यांच्या आत बरखास्त झाले आणि गव्हर्नर म्हणून ढाक्याला रवाना झाले ते हेच इस्कंदर मिर्झा. मतपेटी उघडली की आतून काय निघते, हे त्यांनी तेव्हाच जवळून पाहिले होते.

नव्या घटनेप्रमाणे सार्वत्रिक निवडणूक व्हायची होती. ती लांबत गेली. दरम्यान अडीच वर्षांत चार पंतप्रधान झाले. त्यांपैकी एक इब्राहिम इस्माईल चुंद्रीगर, मुंबई हायकोर्टात वकिली केलेले आणि मुंबई प्रांताच्या मुस्लिम लीगचे अध्यक्ष राहिलेले. मुसलमान आणि हिंदू यांनी एकाच यादीत मत द्यायचे की वेगवेगळ्या, या वादात त्यांचे मंत्रिमंडळ दोन महिन्यांत कोसळले. या सगळ्या पडझडीत राष्ट्राध्यक्षांचा हात किती होता यावर बरेच लिहिले गेले आहे. आमच्या मते हात होताच, पण राजकारणी मंडळींनीही आपली पाठ त्या हातापुढे आपणहून वाकवली. १९५८ च्या सप्टेंबरमध्ये ढाक्याच्या विधानसभेत सभासदांनी एकमेकांवर वस्तू फेकल्या. त्यात जखमी झालेले उपसभापती शाहिद अली मरण पावले. ‘पाहा, ही तुमची लोकशाही!’ असे म्हणायला यापेक्षा चांगले निमित्त कोणते मिळणार?

अखेर निवडणुकीचा महिना ठरला, फेब्रुवारी १९५९. नव्याने निवडून आलेली सभागृहे मग नवा राष्ट्राध्यक्ष निवडणार होती. मिर्झांना पुन्हा निवडून येण्याची खात्री वाटावी असे काही दिसत नव्हते. गोम येथे होती.

७ ऑक्टोबर १९५८ च्या रात्री राष्ट्राध्यक्षांचे फर्मान निघाले. घटना रद्द, केंद्र आणि प्रांतांची सरकारे बरखास्त, कायदेमंडळे विसर्जित, राजकीय पक्ष बंद, देशभर मार्शल लॉ. सरसेनापती जनरल अयुब खान मार्शल लॉचे मुख्य प्रशासक झाले. निवडणूक तर आपोआपच गेली. ती रद्द केली असे वेगळे सांगायची गरजही उरली नाही. लोक रस्त्यावर उतरले नाहीत. उलट साखर-कापडाच्या साठेबाजांना आता चाप बसेल म्हणून अनेकांना हायसे वाटले. म्हणजे आपल्या मूळ प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळते. निवडणूक थांबवता येते का? येते. एका रात्रीत येते, आणि गोळी न झाडता येते.

उरलेल्या अर्ध्या उत्तराला फक्त वीस दिवस लागले.

घटना रद्द करताना मिर्झांनी एका गोष्टीचा विचार केला नव्हता. ते स्वतः सदर होते ते कशाच्या जोरावर? त्याच घटनेच्या. तिने जसे त्यांचे हात बांधले होते तसे संरक्षणही दिले होते. त्यांना पदावरून काढायचे तर महाभियोग हवा, सभागृह हवे, मतदान हवे. हे सारे त्यांनी स्वतःच्या सहीने नाहीसे केले. आता राष्ट्राध्यक्ष आणि सरसेनापती यांच्यामध्ये उभा राहील असा एकही कागद देशात शिल्लक नव्हता. एकाकडे सही होती, दुसऱ्याकडे फौज.

२७ ऑक्टोबरच्या सकाळी मिर्झांनी नेमलेल्या नव्या मंत्रिमंडळाचा शपथविधी झाला. अयुब खान पंतप्रधान झाले. त्याच रात्री आझम खान, बर्की आणि शेख असे तीन जनरल राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी गेले आणि राजीनाम्यावर सही घेऊन आले. मिर्झा आणि त्यांच्या इराणी बेगम नाहीद यांना आधी क्वेट्ट्याला आणि तेथून लंडनला पाठवण्यात आले. मिर्झांना पुन्हा मायदेश पाहायला मिळाला नाही. १३ नोव्हेंबर १९६९ रोजी, आपल्या सत्तराव्या वाढदिवशीच, ते लंडनला वारले. पाकिस्तानात दफन करायला तेव्हाच्या लष्करी सरकारने परवानगी दिली नाही. देशाच्या पहिल्या सदराला मूठभर माती मिळाली ती तेहरानमध्ये, इराणच्या शहांच्या मेहेरबानीने.

त्या २७ ऑक्टोबरचीच आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. बलुचिस्तानातल्या लोरालाईकडच्या दोसो नावाच्या एका माणसाला खुनाच्या आरोपावरून जिरग्यापुढे शिक्षा झाली होती. त्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचले. जुनी घटना संपली असेल तर तिच्यातले हक्क मागता येतील का, असा मुद्दा निघाला. सरन्यायाधीश मुहम्मद मुनीर यांनी युरोपातल्या केल्सन या कायदेपंडिताचा आधार घेऊन निकाल दिला, की क्रांती यशस्वी झाली तर ती स्वतःच कायदा बनते. म्हणजे जो टिकला तो कायदेशीर. हा निकाल २७ ऑक्टोबरला लागला. मिर्झांच्या फर्मानावर न्यायालयाचा शिक्का उमटला आणि त्याच रात्री मिर्झा गेले. जो टिकला तो कायदेशीर हे तत्त्व मग अयुब खानांच्या कामी आले. मुनीर साहेबांचा हा पहिला पराक्रम नव्हे. १९५४ साली गव्हर्नर जनरल गुलाम मुहम्मद यांनी संविधान सभा मोडली, तेव्हा सभेचे अध्यक्ष तमीजुद्दीन खान सिंधच्या न्यायालयात जिंकून आले होते. तो निकाल फिरवला गेला तोही मुनीर यांच्याच न्यायालयात. तेव्हा विरोधी मत नोंदवणारे एकटे न्यायमूर्ती होते कॉर्नेलियस, धर्माने ख्रिस्ती.

अयुब खान दहा वर्षांहून अधिक काळ राहिले, तेव्हा ‘टिकता येत नाही’ असे आम्ही म्हणणार नाही. पण ते कसे टिकले हे पाहण्यासारखे आहे. निवडणूक नको असलेल्या हुकूमशहालाही निवडणुकीसारखे काहीतरी लागतेच. अयुब यांनी ‘बुनियादी जम्हूरियत’ काढली. दोन्ही भागांत मिळून ऐंशी हजार स्थानिक प्रतिनिधी निवडायचे आणि सदराला मत द्यायचे ते फक्त त्यांनी. दहा कोटींच्या आसपास लोकसंख्येच्या देशात मतदार ऐंशी हजार! १९६० च्या फेब्रुवारीत या मंडळींना विचारले गेले, तुमचा अयुब खानांवर विश्वास आहे का? पंचाण्णव टक्क्यांहून अधिक लोकांनी ‘आहे’ म्हटले. १९६२ साली त्यांनी स्वतःची घटना दिली. तिच्यावर हबीब जालिब यांनी ‘दस्तूर’ ही नज्म लिहिली, जी आजही मुशायऱ्यांत आणि मोर्चांत म्हटली जाते. घटना गेली, नज्म राहिली.

१९६५ च्या जानेवारीत याच ऐंशी हजारांपुढे अयुब यांच्याविरुद्ध उभ्या राहिल्या मोहतरमा फातिमा जिना. वय सत्तरीच्या पुढे. कधीकाळी मुंबईच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर दातांचा दवाखाना चालवणारी ही बाई निवडणुकीचे चिन्ह कंदील घेऊन पूर्व आणि पश्चिम पाकिस्तान पिंजत फिरली. बाईमाणसाला राज्यप्रमुख होता येत नाही असे फतवे काही उलेमांकडून मिळवण्यात आले. मजेची गोष्ट म्हणजे मौलाना मौदूदींची जमात-ए-इस्लामी मात्र फातिमा जिनांच्या बाजूने उभी होती. अयुब यांना सुमारे पन्नास हजार मते मिळाली, फातिमा जिनांना अठ्ठावीस हजारांवर. कराची आणि ढाका या शहरांनी सदराला नाकारले. सरकारी पगारदार यंत्रणा आणि निवडक मतदार हाताशी असताना एवढी मते विरोधात पडावीत, याचा अर्थ अयुब खानांना कळला नसेल असे वाटत नाही.

चार वर्षांनी रस्ते पेटले. २५ मार्च १९६९ रोजी अयुब पायउतार झाले. त्यांच्याच घटनेप्रमाणे सूत्रे सभागृहाच्या सभापतींकडे जायला हवी होती. सभापती बंगाली होते. अयुब यांनी सूत्रे दिली सरसेनापती याह्या खान यांना. आपण लिहिलेल्या घटनेचा शेवटचा भंग त्यांनी स्वतःच केला.

प्रौढ मतदानाने देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली ती ७ डिसेंबर १९७० रोजी. देश झाल्यावर तेवीस वर्षांनी! आपल्याकडे तोवर चार लोकसभा निवडून आल्या होत्या. शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगला पूर्वेकडील १६२ पैकी १६० जागा आणि त्यांच्या जोरावर संपूर्ण सभागृहात बहुमत मिळाले. याह्या खान यांनी निवडणूक मुलतवी केली नव्हती. त्यांनी तिचा निकाल मुलतवी केला. ढाक्याला भरणारी सभागृहाची बैठक १ मार्च १९७१ रोजी पुढे ढकलली गेली. २५ मार्चच्या रात्री फौज रस्त्यावर आली. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. मुसलमानांनी मुसलमानांची मते मोजायला नकार दिला आणि एका देशाचे दोन झाले. हे युद्धाचे पान आपल्याकडे नेहमी वाचले जाते. त्याच्या आधीचे मतपत्रिकेचे पान मात्र सहसा कोणी उलटत नाही.

मग आले १९७७. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात दोन्ही देशांनी मतदान केले, हा योगायोग आम्हांला नेहमी विचारात पाडतो. आपल्याकडे तेव्हा आणीबाणी होती. २५ जून १९७५ रोजी तिच्यावर सही करणारे राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद होते. आपल्या घटनेने राष्ट्रपतीला निवडणूक थांबवण्याचा अधिकार दिलेला नाही. आणीबाणीत लोकसभेची मुदत एका वेळी एक वर्ष वाढवण्याचा अधिकार संसदेला आहे, आणि तो १९७६ साली दोनदा वापरला गेला. म्हणजे आपल्याकडेही तारीख पुढे गेली होती, तीही कायद्याने. पण १९७७ च्या मार्चमध्ये मतदान झाले, इंदिरा गांधी हरल्या आणि घरी गेल्या. पाकिस्तानात ७ मार्चला मतदान झाले, झुल्फिकार अली भुट्टोंचा पक्ष प्रचंड बहुमताने जिंकला, विरोधकांनी मोठ्या गैरप्रकाराचा आरोप केला आणि महिनोन्‌महिने दंगली झाल्या. ५ जुलैला सरसेनापती जनरल झिया-उल-हक यांनी सत्ता घेतली. अनेक वरिष्ठांना डावलून भुट्टोंनीच त्यांना सरसेनापती केले होते.

झिया यांनी शब्द दिला : नव्वद दिवसांत निवडणूक. तारीखही ठरली, १८ ऑक्टोबर. १ ऑक्टोबरला ती रद्द झाली. आधी ‘एहतेसाब’, म्हणजे भ्रष्टांचा हिशेब, मग ‘इंतेखाब’. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेगम नुसरत भुट्टो यांच्या अर्जावर निकाल देताना ‘गरजेचे तत्त्व’ मान्य केले आणि लवकर निवडणुका होतील अशी आशा व्यक्त केली. आशेची मुदत न्यायालयाने लिहून दिली नाही. १९७८ च्या सप्टेंबरमध्ये झिया सदर झाले. ४ एप्रिल १९७९ रोजी भुट्टोंना फाशी झाली. नवी तारीख आली, १७ नोव्हेंबर १९७९. पण त्याआधी सप्टेंबरमध्ये स्थानिक संस्थांच्या निवडणुका झाल्या आणि बिनपक्षाच्या त्या मतदानातही भुट्टोंच्या पक्षाची माणसे मोठ्या संख्येने निवडून आली. ऑक्टोबरमध्ये ही तारीखही गेली. या वेळी नवी तारीख दिलीच नाही.

सात वर्षे अशी गेल्यावर झिया यांनाही ते मतदानासारखे काहीतरी हवे झाले. १९ डिसेंबर १९८४ रोजी सार्वमत झाले. मतपत्रिकेवर प्रश्न होता तो साधारण असा : देशाचे कायदे कुरआन आणि सुन्नतनुसार घडवण्याचे, पाकिस्तानची विचारसरणी जपण्याचे आणि सत्ता शिस्तीने लोकप्रतिनिधींकडे सोपवण्याचे जे काम झिया-उल-हक यांनी सुरू केले आहे, त्याला तुमचा पाठिंबा आहे का? आणि फर्मानात तळटीप होती, बहुमत ‘होय’ असेल तर झिया पुढील पाच वर्षे सदर.

आता या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणारा मुसलमान आणायचा कुठून? ‘नाही’ म्हटले तर कुरआनला नाही, ‘होय’ म्हटले तर जनरलला होय. उमेदवार एक, पण मतपत्रिकेवर त्याने आपल्यापुढे अल्लाहचा कलाम उभा केला होता. शूरा आणि बैअत हे शब्द ज्या परंपरेने जगाला दिले, जिच्यात खलिफाने मिंबरवर उभे राहून मी चुकलो तर मला सरळ करा असे लोकांना सांगितल्याची रिवायत आहे, तिच्या नावाने हे व्हावे! बहिष्काराचा प्रचार करणे गुन्हा ठरवण्यात आला होता. लोकांनी तेवढेच केले जे करता येत होते. पुष्कळ जण घरी बसले. सरकारी आकडा सांगतो, बासष्ट टक्के मतदान आणि त्यात ‘होय’ सुमारे अठ्ठ्याण्णव टक्के. ओस पडलेल्या मतदान केंद्रांवर तेव्हाही जालिब यांनीच नज्म लिहिली.

झिया अकरा वर्षे राहिले. १९८५ मध्ये त्यांनी पक्षांवाचून निवडणूक घेतली, आपला पंतप्रधान मुहम्मद खान जुनेजो नेमला, आणि २९ मे १९८८ रोजी त्यालाही घरी पाठवले. पुन्हा नव्वद दिवसांचा वादा निघाला, पुन्हा तारीख लांबली. १७ ऑगस्टला बहावलपूरजवळ विमान कोसळून झिया वारले. निवडणूक झाली १६ नोव्हेंबरला, आणि पंतप्रधान झाल्या भुट्टोंच्या कन्या बेनझीर.

या काळातल्या एका माणसाचे नाव येथे नोंदवून ठेवावेसे वाटते. १९८१ च्या मार्चमध्ये झिया यांनी न्यायाधीशांना नवी शपथ घ्यायला लावली. जुन्या घटनेची नव्हे, लष्करी फर्मानाची. बहुतेकांनी घेतली. ज्यांनी घेतली नाही त्यांत पारशी न्यायमूर्ती दोराब पटेल होते आणि अहमदाबादेत जन्मलेले न्यायमूर्ती फखरुद्दीन जी. इब्राहिम होते. इब्राहिम साहेब कोट उतरवून पुन्हा वकिली करू लागले. एकतीस वर्षांनी, २०१२ साली, पाकिस्तानने त्यांना मुख्य निवडणूक आयुक्त नेमले. तेव्हा त्यांचे वय चौऱ्याऐंशी होते. ११ मे २०१३ रोजी त्यांनी जी निवडणूक घेतली, तिच्यामुळे मुदत पूर्ण केलेल्या एका लोकनियुक्त सरकारकडून दुसऱ्या लोकनियुक्त सरकारकडे सत्ता गेली. त्या देशात हे पहिल्यांदाच घडत होते. निवडणुकीत गडबड झाल्याचे आरोप त्यांच्यावरही झाले. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक उरकताच जुलैअखेर त्यांनी राजीनामा दिला.

ऑगस्ट २०२३ मध्ये पाकिस्तानची नॅशनल असेंब्ली पुन्हा विसर्जित झाली. घटनेप्रमाणे मतदान नव्वद दिवसांत व्हायला हवे होते. नव्या जनगणनेप्रमाणे मतदारसंघ आखायचे आहेत, असे कारण देण्यात आले. मतदान झाले ८ फेब्रुवारी २०२४ रोजी, सहा महिन्यांनी.